सलाम मावशींचं चौथं कडवं

सलाम मावशींचा आवाज गोड नव्हता, हे आधीच सांगून टाकते. वरच्या पट्टीत गेला की तो फाटायचा आणि खाली आला की घासायचा, फरशीवरून लोखंडी पलंग ओढल्यासारखा. रविवारी चर्चमध्ये त्या मधल्याच एका बाकावर बसायच्या आणि सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून टाकायच्या. पुढं होऊन गाताना त्यांना कुणी पाहिलं नाही. तरीही शहरालगतच्या लष्करी छावणीतल्या ख्रिस्ती घरांत कुणी वारलं, की पाळकसाहेबांच्या बरोबरीनं, कधी कधी त्यांच्याही आधी, मावशींकडं निरोप यायचा. कारण माणसाला मातीत ठेवल्यावर एक कडवं म्हणायचं असे, आणि ते कडवं फक्त मावशींना येत होतं.

निरोप आला की मावशी हातातलं काम बाजूला ठेवायच्या, ट्रंकेतली पांढरी साडी काढायच्या, पायात चपला सरकवायच्या आणि निघायच्या. बाजारातून जाताना भाजीवाले रफीकभाई गाडीमागून हाक द्यायचे, "सलाम मावशी! आज कौन गया?"

"दवाखान्यामागचे शामुवेल काका गेले बाबा."

"अरे अरे. अच्छा आदमी था. पन मावशी, तुम सफेद साडी में निकलती ना, तो मेरेकू डर लगता. मेरी गाडी के सामने रुकू नका."

"तुझ्याकडं कशाला थांबू? तुझी भेंडी कालचीच आहे." एवढं बोलून मावशी पुढं जायच्या आणि मागं रफीकभाई भेंडीवर पाणी मारत हसत बसायचे.

सलाम हे नाव बाजारानंच ठेवलेलं. आपल्या माणसांना सलाम म्हणायची त्यांच्या मंडळीत रीतच आहे, पण मावशी सगळ्या जगालाच आपलं माणूस समजायच्या. भाजीवाला, चक्कीवाला, छावणीच्या फाटकावरचा जवान, समोरच्या गल्लीतली भांडकुदळ बाई, सगळ्यांना सलाम. खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी उन्हानं पुसली होती आणि मावशींनी ती पुन्हा रंगवून घेतली नाही.

मी त्यांच्याकडं आले ती सोयगावकडच्या एका खेड्यातून. आठवीनंतर माझी शाळा सुटली. का सुटली हे सांगण्यासारखं काही नाही. आमच्याकडं मुलींची शाळा सुटते तशीच सुटली. काही वर्षं शेतात आणि घरात गेली. मग चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला मुली घेत आहेत असं कळलं. माझी आत्या पूर्वी मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायची, तिथं मावशी आया होत्या. त्या ओळखीवर आत्या मला त्यांच्या दारात सोडून गेली. मी पिशवी छातीशी धरून उंबऱ्याबाहेरच उभी होते.

आपलं आधीच सांगितलेलं बरं, म्हणून मी म्हटलं, "मावशी, आम्ही बौद्ध आहोत."

मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "बरं. मग जेवत नाहीस का?"

"जेवते की."

"मग आत ये. तिथं उभं राहून कामून ऊन खातीस?"

मी फार भित्री होते. होते म्हणजे, अजूनही आहे. बस चुकेल म्हणून भीती, बस मिळाली तर उतरायचं ठिकाण चुकेल म्हणून भीती. सुपरवायझरनं नुसतं नाव घेतलं तरी हातातलं खोकं सुटायचं. दाराची कडी लावली की नाही हे मी जाऊन पाहायची, येऊन बसायची, आणि पुन्हा जाऊन पाहायची. गॅसचंही तसंच. मावशींनी ते दोन-चार दिवस बघितलं आणि एक दिवस माझ्यासमोर मुद्दाम पाट मांडला.

"हा कुणाला?" मी विचारलं.

"तुझ्या भीतीला. ती येणारच आहे, तिला हाकलून ती जाणार नाय. तिला म्हणायचं, बस बाई, चहा घे, पण माझ्या जागेवर बसू नको." आणि खरोखरच एक कप चहा त्या पाटासमोर ठेवला. तो निवल्यावर स्वतःच पिऊन टाकला. मला हसू आलं. शहरात आल्यापासून मी हसले ती पहिल्यांदा त्या वेळी. आज या परमुलखात अंगावर काही आलं की मी मनात पाट मांडते. त्याचा उपयोग दर वेळी होतोच असं नाही, पण पाट मांडायला मला कुणीतरी शिकवलं, याचंच मला फार वाटतं.

पहिले कितीतरी दिवस नगर नाक्यावर कंपनीच्या बसपर्यंत त्या मला सोडायला यायच्या. मोठ्या रस्त्यावर ट्रकांची रांग. मी मध्येच थबकायची. मावशी माझा दंड धरायच्या आणि ट्रकवाल्याला तळहात दाखवायच्या, जणू तो त्यांच्या वॉर्डातला हट्टी पेशंटच. ट्रक थांबायचा. मग ड्रायव्हरलाही सलाम. बस आली की माझ्याबरोबरच्या पोरींना बजावायच्या, "हिला खिडकीशी बसवा गं, आतल्या बाजूला हिचा जीव घुसमटतो." शहर एवढं वाढलं, त्याचं नाव बदललं, बसवरच्या पाट्या बदलल्या, पण मावशी क्रांती चौकाकडं जायचं असलं तरी "शहरात जाऊन येते" असंच म्हणायच्या. छावणी म्हणजे त्यांचं गाव, आणि पलीकडं ते शहर.

मावशींच्या घरात दिवेलागणीला प्रार्थना असायची. प्रार्थना म्हणजे दोन शब्द बोलायचे आणि एक गीत. गीत रोज तेच. दुसरी पुष्कळ गीतं त्यांना येत होती, पण घरात हेच. त्याचं धृपद असं होतं:

लावू नको दार प्रभो, वाटेवरी मी अजुनी ।
दूर दिसे दीप तुझा, पाय थके चालुनी ॥

हे सुरू होण्याआधी मावशी उठून घराचं दार सताड उघडायच्या. उन्हाळा असो नाहीतर थंडी. छावणीतले डास आत, गल्लीतलं कुत्रं आत, एकदा तर शेजाऱ्याची शेळी आत आली आणि दुसरं कडवं होईपर्यंत उभी राहिली. मला त्या उघड्या दाराची केवढी धास्ती! मी एकदा हळूच उठून कडी घालायला गेले, तर मावशींनी गाता गाताच डोळे वटारले. गीत संपल्यावर म्हणाल्या, "अगं, देवाला म्हणायचं दार लावू नको, आन् आपण कडी घालून बसायचं? त्यानं काय म्हणावं?"

"पण मावशी, कुणी आत आलं तर?"

"आलं तर सलाम म्हणायचं."

मी बाजूला बसून ऐकायची. सुरुवातीला वाटलं होतं, आता ही बाई मला आपल्यात ओढणार. तसं कधी झालं नाही. उलट एक दिवस त्यांनीच विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात गं?" मी लाजत लाजत त्रिसरण म्हणून दाखवलं. मावशींनी लक्ष देऊन ऐकलं.

"सरण म्हणजे काय?"

"आसरा. आसरा घ्यायला जाणं."

"व्हय? मग तुमचं आमचं दुखणं एकच की. सगळ्यांनाच कुणाच्या तरी दारात जायचंय." मग जरा थांबून, "तुमचं ऐकतं कोण पण?"

"आमच्यात देव नसतो, मावशी. आपलं आपणच ऐकायचं."

"मग जरा मोठ्यानं म्हणत जा. मलाबी ऐकू दे."

तेव्हापासून दिवेलागणीला आधी माझं त्रिसरण आणि मग मावशींचं गीत, असा क्रम पडला. दार दोन्हींच्या वेळी उघडंच. समोरच्या गल्लीतली भांडकुदळ बाई एकदा म्हणाली, "मावशी, तुमच्या घरात नक्की चाललंय काय?" मावशी म्हणाल्या, "पत्ता विचारणं चाललंय. ती तिकडून विचारती, मी इकडून."

गीताची तीन कडवी मला ऐकून ऐकूनच पाठ झाली. दुसऱ्यात एक ओळ होती, "ऊन माथी, काटे पायी, ओझे पाठीवरी; सावली तू एक माझी, घे मजला आत तरी." ती म्हणताना मावशींचा आवाज नेमका फाटायचा, आणि मला वाटायचं, ही ओळ चांगल्या आवाजात म्हणूच नये. तिसरं कडवं मला सगळ्यांत आवडायचं. बाहेरगावाहून आलेल्या माणसाचंच ते होतं:

कोण मला ओळखते, या परक्या गावी ।
हाक तुझी एकच ती, कानी माझ्या यावी ॥

तिसरं कडवं संपलं की मावशी थांबायच्या. "आमेन" म्हणायच्या आणि उठायच्या. पण थांबणं असं, की अजून काहीतरी बाकी आहे. जिना उतरताना शेवटची पायरी राहिली की पाय कसा हवेत राहतो, तसं. एक दिवस मी विचारलंच.

"मावशी, याच्या पुढं काय आहे?"

"चौथं कडवं आहे."

"मग म्हणा ना."

"ते घरात म्हणायचं नसतं."

मग त्यांनी ती रीत सांगितली. गीतांच्या पुस्तकात तीनच कडवी छापली आहेत. चौथं कुणा जुन्या उपदेशकानं रचलेलं. हा उपदेशक म्हणजे खेड्यापाड्यांतून पायी हिंडून वचन सांगणारा माणूस. ते पुस्तकात गेलंच नाही, तोंडातोंडानं राहिलं. मावशींना ते त्यांच्या सासूकडून मिळालं. सासूला आणखी कुणाकडून.

"पहिल्या तीन कडव्यांत माणूस वाटेवर असतो," मावशी म्हणाल्या. "चौथ्यात तो पोचतो. म्हणून ते जो पोचला त्याच्याचसाठी म्हणायचं, मातीपाशी. आपण इथं चहा पिऊन म्हणालो तर ते खोटंच झालं ना? न पोचताच पोचलो म्हणायचं कसं?"

"मग तुम्ही शिकलात कशा?"

"शिकवायचं नसतंच ते. उचलायचं असतं. सासूच्या शेजारी उभी राहायचे मातीच्या वेळी. दर वेळी थोडं थोडं कानात राहिलं. एक दिवस सासूचा आवाज बसलेला होता, तिनं नुसतं माझ्याकडं पाह्यलं. मी म्हणले."

मला वाटलं, छावणीतल्या इतक्या लोकांनी हे कडवं आयुष्यभर ऐकलंय, मग ते मावशींनाच कसं येतं? हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला त्या वेळंला शब्द ऐकू येतात का? तो रडत असतो. बाकीचे त्याला धरत असतात. माती टाकायला रांग लागलेली असती. कान रिकामा कुणाचाच नसतो, बाई. कान रिकामा ठेवून उभं राहावं लागतं."

पाळकसाहेब तरुण होते आणि मावशींना फार मानायचे. या गोष्टीची काळजी मावशींपेक्षा त्यांनाच जास्त. एकदा घरी आले, चहा घेतला आणि चाचरत म्हणाले, "मावशी, तुम्ही ते एकदा मोबाईलमध्ये म्हणून ठेवता का? मंडळीजवळ राहील."

"आन् मग तो मोबाईल घरात वाजवतील."

"नाही वाजवणार. मी सांगेन सगळ्यांना."

"साहेब, तुमचा मोबाईल उपासनेतबी वाजतो." पाळकसाहेब हसले आणि त्यांनी मोबाईल खिशात टाकला. मातीच्या वेळी हल्ली कुणी ना कुणी व्हिडिओ काढत असतंच, लांबच्या नातेवाइकांसाठी. तिसरं कडवं झालं की मावशी हात वर करायच्या आणि सगळे फोन खाली जाईपर्यंत तोंड उघडायच्या नाहीत. लोकांना त्याची सवयच होऊन गेली होती. तिसरं संपलं की फोन आपोआप खाली.

"फोन नको तर माणूस द्या," मावशींनी त्या दिवशी पाळकसाहेबांना सांगितलं. "कुणीबी पोरगी, पोरगा. नुसतं माझ्याशेजारी उभं राहायचं. रडायचं नाय, माती टाकायची नाय, नुसतं ऐकायचं." पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी तसं चर्चमध्ये सांगितलं. तरुण मुलामुलींनी माना डोलावल्या. पण मरण काही रविवार बघून येत नाही. कुणाची ड्यूटी असायची, कुणाची परीक्षा. मावशींची पुतणी सुवार्ता दोनदा-तीनदा उभी राहिली. दर वेळी तीच सगळ्यांत आधी रडायला लागली. "तिचं काळीज लोण्याचं," मावशी म्हणायच्या. त्यात तक्रार नव्हती.

मग मी म्हटलं, "मावशी, मी उभी राहू?"

मावशींनी माझ्याकडं वरून खाली पाहिलं. "तू? तू पाल पाहून पलंगावर चढतीस."

"पण मी रडत नाही. मला नुसती भीती वाटते."

त्या हसल्या. पण विचारात पडल्या, हे मला दिसलं. मी त्यांच्या मंडळीतली नव्हते, तेही असेल. तसं त्या बोलल्या मात्र नाहीत. थोड्या दिवसांनी पुन्हा निरोप आला. मला त्या दिवशी सुट्टी होती. मावशी पांढरी साडी नेसत म्हणाल्या, "चल."

कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत मी त्यांचा पदर धरून गेले. लिंबाची झाडं होती, पांढरे क्रूस होते. आत एक आई होती. तिचा मुलगा गेला होता. तरणा मुलगा. त्या बाईचा आवाज ऐकला आणि मी फाटकातच थबकले. मावशींनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. माझा हात पदरावरून सोडवला आणि तो फाटकाच्या गजावर ठेवला.

"तू इथंच थांब. आजचं तुझ्यासाठी लई जड आहे. पुढच्या येळंला एखादं पिकलं पान असंल, तेव्हा आत ये."

"नाही मावशी, मी येते."

"ऐक माझं. थांब म्हणले ना."

माझी दया येऊन त्यांनी मला बाहेर ठेवलं. मी गज धरून उभी राहिले. लांबून तीन कडवी ऐकू आली, सगळ्यांच्या आवाजात. मग सगळे थांबले. फोन खाली गेले. आणि मावशींचा एकटीचा आवाज आला. चाल बदललेली होती. तीन कडवी वर चढत जातात, चौथं खाली उतरतं, सावकाश, माणूस ओझं खाली ठेवतो तसं. मधूनच वारा लिंबात शिरायचा आणि शब्द घेऊन जायचा. चाल मात्र माझ्यापर्यंत पूर्ण पोचली. नवल म्हणजे त्या कडव्यात मावशींचा आवाज कुठंच फाटला नाही.

परत येताना मी म्हटलं, "चाल आली मला."

"झालं मग. अर्धं उचललंस. शब्द पुढच्या येळंला."

ती पुढची वेळ आमच्या वाट्याला आली नाही. म्हणजे मरणं झाली, पण दर वेळी मी चिकलठाण्यात खोकी बांधत असायची आणि संध्याकाळी घरी आल्यावर तारेवर वाळत घातलेली पांढरी साडी बघून मला कळायचं. "आज बोलवायला पाह्यजे होतं तुला," मावशी म्हणायच्या. "सोपं होतं. म्हातारी होती, हसत गेली." मला पॅकिंगच्या पट्ट्यावरून कुणी उठू दिलं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

पुढं माझं लग्न ठरलं. आमचे हे मशीनवर कामाला, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या कंपनीनं त्यांना होसूरला पाठवलं. होसूर तामिळनाडूत आहे, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. माहेर सोयगावकडं, सासर जालन्याकडं, पण रडू आलं ते छावणी सोडताना. मावशी स्टेशनावर आल्या होत्या. डब्यात धपाटे, कागदात गुंडाळलेलं लोणचं. खिडकीतून माझा हात धरून उभ्या होत्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मावशी, आता तरी चौथं कडवं सांगा. हळूच सांगा, कानात. मी कुणाला सांगणार नाही."

"इथं? गाडीत बसलेल्या माणसाला?" त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "येडी का काय! तुझी वाट आत्ता कुठं सुरू झाली."

"मग तुमच्या वेळी कोण म्हणणार?" हे माझ्या तोंडातून निघून गेलं आणि मी जीभ चावली.

मावशी मुळीच रागावल्या नाहीत. "तेच तर कोडं आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना पोचवून आले. माझ्या येळंला मीच उठून म्हणते की काय!" आणि मोठ्यानं हसल्या. शेजारचा हमाल वळून बघायला लागला. त्यालाही सलाम.

गाडी हलली तशी त्या बरोबर चालायला लागल्या आणि चालता चालता तिसरं कडवं म्हणायला लागल्या. कोण मला ओळखते, या परक्या गावी. सगळ्या प्लॅटफॉर्मदेखत, त्या फाटक्या आवाजात. हाक तुझी एकच ती, एवढं मला ऐकू आलं. मग त्यांच्या चपलेचा अंगठा निघाला, त्या वाकल्या, आणि गाडी पुढं आली.

होसूरला आल्यावर आमचं बोलणं फोनवर. "तिथल्या बायांना सलाम म्हणतीस का?" "त्यांना कळत नाही, मावशी." "सलाम कुणालाबी कळतो. हात वर कर नुसता." मी इथं एका मुलींच्या वसतिगृहाच्या खाणावळीत कामाला लागले. भाषा येत नव्हती. हात वर करत राहिले. आता मुली जिन्यावरूनच मला हात करतात. फोनवर मी दर वेळी विचारायची, "कुणी उभं राहतं का तुमच्याशेजारी?" आणि मावशी दर वेळी म्हणायच्या, "तू आलीस की बघू." मी दिवाळीत येणार होते. मग उन्हाळ्यात येणार होते. कधी सुट्टी नव्हती, कधी यांच्या आईचं आजारपण. येणं राहिलं, आणि राहतच गेलं.

सुवार्ताचा फोन आला तो थंडीतल्या एका सकाळी. मावशी झोपेतच गेल्या होत्या, पहाटे कधीतरी. कुठलाही त्रास नाही, कुणाला हाक नाही. माती दुसऱ्या दिवशी दुपारी. इथून गाडी पकडली तरी वेळेत पोचणं शक्य नव्हतं. सुवार्ता म्हणाली, "तू रडू नको, मी तुला व्हिडिओवर घेते."

दुसऱ्या दिवशी मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन बसले. खाली मुलींची जेवणं चालली होती, ताटांचा आवाज येत होता. फोनमध्ये तीच लिंबाची झाडं दिसली. माणसं खूप होती. चक्कीवाला होता. समोरच्या गल्लीतली भांडकुदळ बाई होती, पांढरी साडी नेसून. फाटकाच्या आत, जरा बाजूला, डोक्यावर रुमाल बांधून रफीकभाई उभे होते. मी ज्या गजाला धरून उभी राहिले होते तो त्यांच्या मागंच होता.

पाळकसाहेबांनी वचन वाचलं. मग गीत सुरू झालं. लावू नको दार प्रभो. सगळे म्हणत होते, आणि मीही गच्चीवर म्हणत होते. पहिलं झालं. दुसरं झालं. घे मजला आत तरी या ओळीला आवाज कुठंच फाटला नाही, आणि तेच मला सोसवेना. मग तिसरं झालं.

तिसरं संपलं आणि सगळे थांबले.

ती सवय होती. वर्षानुवर्षांची सवय. तिसऱ्यानंतर आपण थांबायचं असतं आणि मावशींनी सुरू करायचं असतं. सुवार्ताचाही हात सवयीनंच खाली गेला. मला फोनमध्ये नुसती माती दिसायला लागली, आणि कुणाच्या तरी चपला. मला दिसत काहीच नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. मग कुणा बाईनं कापऱ्या आवाजात सुरुवात केली, दोन-तीन शब्दांवरच अडली आणि हुंदका आला. दुसरं कुणीतरी म्हणालं, "पुढं काय होतं गं?" कुणाला येत नव्हतं. इतक्या वर्षांत इतक्या माणसांनी ऐकलेलं, आणि एकाही कानात ते पुरतं राहिलं नव्हतं. लिंबात वारा शिरलेला ऐकू आला.

इकडं मला चाल येत होती. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत येत होती. मी तोंड उघडलं. पण म्हणणार काय? नुसती चाल घशात उतरत उतरत खाली गेली आणि तिच्या हातात एकही शब्द नव्हता. तेवढ्यात पाळकसाहेबांचा आवाज आला. ते म्हणाले, "आपण मुक्यानंच प्रार्थना करू." त्या बिचाऱ्यांनी दुसरं काय करायचं होतं? मग माती पडल्याचा आवाज सुरू झाला.

रफीकभाईंनी नंतर सुवार्ताला विचारलं म्हणे, "सबके वास्ते मावशी गायी. मावशी के वास्ते कोई नहीं गाया क्या?" सुवार्तानं मला फोनवर हे सांगितलं.

त्यानंतर मी पुष्कळ जणांना विचारलं. पाळकसाहेबांनीही आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडं चौकशी केली. त्यांनी तीनच कडवी ऐकली होती. ते कडवं कुठं नाही. कधी कधी मी मनाशी म्हणते, त्यांनी मला त्या दिवशी फाटकाशी थांबवलं नसतं तर! लगेच पुढचं आठवतं. भेदरलेल्या पोरीला तिच्या भीतीसकट बाहेर उभं करणारी बाई होती, म्हणून तर मी आज एवढ्या लांब एकटीनं रस्ता ओलांडते. त्यांच्या मायेनंच ते कडवं माझ्या हाती लागू दिलं नाही. यावर रागवायचं कुणावर?

आमच्या होसूरच्या खोलीत दिवेलागणीला मी दार उघडते. अजूनही जिन्यावर पावलं वाजली की मी दचकते. आधी माझं त्रिसरण म्हणते, मग मावशींची तीन कडवी. यांना सवय झाली आहे, ते डास मारत बसतात. शेजारच्या तमिळ आजी कधी कधी दारात येऊन उभ्या राहतात, मी हात वर करते, त्याही करतात.

तिसरं कडवं संपलं की मी थांबते. मग चौथ्याची चाल ओठ मिटून एकदा खालपर्यंत जाऊ देते. घरात चौथं म्हणायचं नसतं, पण माझ्याकडं शब्दच नाहीत, तेव्हा तो नियम मोडत नाही असं मी धरून चालते. चाल संपते. दारात कुणी नसतं. तरी थोडा वेळ मी कडी लावत नाही. पोचवायला कुणी नव्हतं, तर मावशी अजून वाटेवरच असतील असं वाटत राहतं.